जुने न्वार दरोडापट: कुठून सुरू करायचे, कसे पाहायचे

दरोड्याचा सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. कुणी ‘मनी हाइस्ट’, कुणी ‘ओशन्स इलेव्हन’, तर कुणी संजय गुप्तांचा ‘कांटे’. ‘कांटे’ बेतलेला टॅरेंटिनोच्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’वर, आणि टॅरेंटिनोनं तो करताना डोळ्यांपुढे ठेवला होता स्टॅन्ली कुब्रिकचा १९५६चा ‘द किलिंग’. हा धागा धरून मागे गेलं की आपण १९५०च्या दशकातल्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांपाशी पोचतो. त्यांच्याकडे पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कोणता आधी पाहायचा, कोणता नंतर, आणि पाहताना नजर कुठे ठेवायची, एवढंच यात सांगायचं आहे.

कुठल्याही सिनेमाचा शेवट इथे फोडणार नाही. मधल्या दरोड्यांबद्दल मात्र मोकळेपणानं लिहिणार आहे, कारण ते प्रसंग आधी ठाऊक असले तरी पाहताना श्वास रोखला जातोच.

आधी थोडं समजून घ्या

फिल्म न्वार म्हणजे ढोबळमानानं १९४०च्या सुरुवातीपासून १९५०च्या अखेरीपर्यंतचे अमेरिकन गुन्हेपट. रात्रीचं शहर, ओले रस्ते, भिंतीवर पडलेल्या खिडकीच्या पट्ट्या, आणि एका निर्णयापायी खोल खोल जाणारा माणूस. यातल्या बऱ्याच सिनेमांत खून असतो आणि तो मत्सरातून किंवा हव्यासातून घडतो. दरोडापटाचं तसं नाही. तिथे गुन्हा हे चक्क एक काम असतं. त्याला भांडवल लागतं, नकाशा लागतो, योग्य माणसं हेरून नेमावी लागतात, तालमी कराव्या लागतात आणि वेळ मिनिटाबरहुकूम पाळावी लागते.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या सिनेमांची ओढ कसबात आहे. हातात विद्या असलेली चार माणसं एकत्र येतात आणि एक अवघड काम चोख करतात, ते पाहण्यात फार मोठं सुख आहे. आणि गंमत म्हणजे न्वार दरोडापटात ते काम बहुतेक वेळा होतंही. तिजोरी उघडते, माल बाहेर येतो. घात होतो तो कामाच्या आगेमागे, कुणाच्या तरी एका साध्या हौसेपायी किंवा गरजेपायी. कुणाला गावाकडची जमीन सोडवायची असते, कुणाची बायको अंथरुणाला खिळलेली असते, कुणाला बायकोच्या नजरेत मोठं व्हायचं असतं. त्यांना हवं असलेलं यातलं काहीच आपल्याला परकं नसतं. म्हणून ही माणसं चोर आहेत हे माहीत असूनही पोलिसाच्या बुटांचा आवाज आला की आपल्याच पोटात गोळा येतो.

शेवट वाईट होण्यामागे एक अगदी व्यवहारी कारणही आहे. १९३४पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड नावाची नियमावली सक्तीनं लागू झाली. गुन्हेगाराला शिक्षा न होता सुटलेला दाखवायचा नाही, हा तिचा दंडक. चोरी, दरोडा, तिजोरी फोडणं यांची रीत तपशिलात दाखवायची नाही, असंही तिच्यात लिहिलेलं होतं. म्हणजे दरोड्यावर सिनेमा काढायचा तर शेवट आधीच ठरलेला आणि मधल्या भागावर नजर. चांगल्या दिग्दर्शकांनी त्यातूनच वाट काढली. सुटणार नाहीत हे प्रेक्षकाला माहीतच आहे, तर कोणाचं पाऊल कुठे घसरणार, याची हुरहूर त्याच्या मनात लावून द्यायची. हत्यारांवर फार वेळ थांबता येत नसेल तर कॅमेरा चेहऱ्यांवर आणायचा.

हे सगळं निव्वळ पटकथाकारांच्या डोक्यातून आलं असंही नाही. १७ जानेवारी १९५० रोजी बॉस्टनमध्ये ब्रिंक्स कंपनीच्या इमारतीत मुखवटे घालून आलेल्या टोळीनं बारा लाखांहून जास्त डॉलरची रोकड नेली. काम इतकं सफाईनं झालं होतं की पोलिसांना सहा वर्षं काही हाती लागेना. खटला भरण्याची मुदत संपायला जेमतेम दीड आठवडा उरला असताना टोळीतल्याच एकानं तोंड उघडलं. आपल्या वाट्याचे पैसे बुडवले, हा त्याचा राग. न्वार दरोडापटात जे घडतं ते प्रत्यक्षातही असंच घडत होतं.

पडदा नीट लावून घ्या

हे काम पहिल्या सिनेमाआधी उरकून टाका, दहा मिनिटं लागतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र गुळगुळीत करणारा ‘मोशन’चा पर्याय बंद करा आणि ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा. व्हिव्हिडमध्ये काळा रंग राखाडी तरी होतो, नाही तर सगळे बारकावे गिळून टाकतो, आणि न्वारमध्ये अर्धी गोष्ट काळोखातच असते. यातले बरेचसे सिनेमे चौकोनी चौकटीत चित्रित झालेत, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. त्या तशाच राहू द्या. ताणून पडदाभर केलं की माणसं बुटकी आणि रुंद दिसू लागतात. खोलीतले दिवे मालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हेडफोन असतील तर उत्तम.

रंगवलेली आवृत्ती मिळाली तर पाहू नका. हा केवळ आवडीनिवडीचा मामला नाही. ‘द ॲस्फाल्ट जंगल’ हा जॉन ह्यूस्टनचा सिनेमा नंतरच्या मालकांनी संगणकावर रंगवून घेतला आणि ह्यूस्टन वारल्यावर १९८८मध्ये एका फ्रेंच वाहिनीनं तो दाखवायचं ठरवलं. ह्यूस्टनच्या मुलांनी आणि सहपटकथाकार बेन मॅडो यांनी फ्रान्समध्ये दावा लावला. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९१मध्ये निकाल लागला तो कलावंताच्या बाजूनं: मालकी कुणाकडेही असो, कृती ज्या रूपात घडवली त्या रूपाचा मान राखला पाहिजे.

सबटायटल्स लावाच, इंग्रजी सिनेमालाही. १९५०च्या टोळीवाल्यांची बोली भरभर येते आणि त्यातले अर्धे शब्द आता अमेरिकेतही कुणी वापरत नाही. फ्रेंच सिनेमे मात्र फ्रेंचमध्येच पाहा, इंग्रजी डबिंगच्या वाटेला जाऊ नका.

पहिला सिनेमा: ‘द ॲस्फाल्ट जंगल’ (१९५०)

सुरुवात इथूनच करा, कारण पुढचे सगळे या सिनेमाशीच बोलत असतात. डब्ल्यू. आर. बर्नेट यांच्या १९४९च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. डॉक रीडेनश्नायडर हा म्हातारा, सभ्य, नीटनेटका माणूस तुरुंगातून सुटतो आणि त्याच दिवशी एका बुकीकडे जाऊन आपली योजना मांडतो. जवाहिऱ्याचं दुकान फोडायचं, माल पाच लाख डॉलरचा, खर्चाला पन्नास हजार लागतील. आता तो माणसं कशी ठरवतो ते ऐका. तिजोरी फोडणारा एक, गाडी चालवणारा एक आणि दांडगाई करणारा एक. त्यांना वाटा द्यायचा नाही, ठरलेली मजुरी द्यायची. एखादा अनुभवी कंत्राटदार जशी कामाची अंदाजपत्रकं करतो, तसं हे संभाषण चालतं. सॅम जॅफेनं ही भूमिका इतक्या शांतपणे केली आहे की त्या वर्षी व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याला अभिनयाचं पारितोषिक मिळालं.

पहिल्या अर्ध्या तासात दरोड्याचा पत्ता नाही म्हणून कंटाळू नका. या वेळात ह्यूस्टन प्रत्येकाचं घर दाखवतो, आणि सिनेमाचा जीव तिथेच आहे. गाडी चालवायला नेमलेला गस एरवी छोटंसं हॉटेल चालवतो आणि त्याचं मांजरावर जीवापाड प्रेम आहे. मांजरं गाडीखाली चिरडण्याच्या बाता मारणाऱ्या गिऱ्हाइकाला तो बाहेर काढतो. तिजोरी फोडणारा लुई घरी बायको आणि तान्हं मूल सोडून कामाला निघतो, आणि त्याच्या बोलण्यात बाळाची सर्दी असते. बुकी कॉबीला नोटा मोजताना घाम फुटतो, नेहमीच फुटतो. डिक्स हा टोळीतला दांडगा, स्टर्लिंग हेडननं केलेला. केंटकीत त्याच्या वडिलांचं घोड्यांचं कुरण होतं, ते गेलं. ते परत घ्यायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात आहे. दरोड्याला पैसा पुरवणारा वकील एमरिक बाहेरून श्रीमंत आणि आतून पार बुडालेला. त्याच्या मैत्रिणीच्या छोट्या भूमिकेत मेरिलिन मन्रो आहे, अजून नावारूपाला न आलेली.

मग येतो तो दरोडा, सुमारे अकरा मिनिटांचा. लुई मॅनहोलमधून खाली उतरतो, भुयारातून जाऊन विटांची भिंत फोडतो आणि आतून दार उघडून डॉक आणि डिक्सला घेतो. आत प्रकाशकिरणाची धोक्याची घंटा आहे, तिच्याखालून तो पाठीवर सरपटत जातो. कोटाच्या आतल्या खिशांत त्याची अवजारं ओळीनं लावलेली, आणि नायट्रोग्लिसरिनची बाटली तो ज्या जपणुकीनं हाताळतो ती पाहा. इतका वेळ संगीताचा एक सूर नाही. मिक्लोश रोझा हा त्या काळातला मोठा संगीतकार, पण त्याचं संगीत सिनेमाच्या अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी तेवढं आहे. स्फोट होतो, तिजोरी उघडते, सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त त्या हादऱ्यानं आजूबाजूच्या इमारतींतल्या घंटा वाजू लागतात, आणि पुढे झटापटीत हातातून पडलेली एक बंदूक उडते. कुणाचीच चूक नाही. या एका गोळीपासून पुढचा तासभर जे उलगडत जातं, ते मला आजही या प्रकारातलं सर्वांत माणूसपणाचं लेखन वाटतं.

शेवटाकडे एका रस्त्याकडेच्या हॉटेलात ज्यूकबॉक्स वाजतो. तिथे डॉकचा चेहरा सोडू नका आणि वेळेकडेही लक्ष ठेवा.

दुसरा: ‘रिफिफी’ (१९५५)

मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्या. हा सिनेमा फ्रेंच, पण दिग्दर्शक अमेरिकन. ज्यूल्स दासँनं हॉलिवूडमध्ये ‘द नेकेड सिटी’, ‘थीव्ह्ज हायवे’ असे उत्तम सिनेमे केले होते. मग कम्युनिस्टविरोधी चौकशीत १९५१मध्ये दोन सहकारी दिग्दर्शकांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कम्युनिस्ट म्हणून त्याचं नाव घेतलं आणि अमेरिकेत त्याला काम मिळणं बंद झालं. फ्रान्समध्येही काही वर्षं हात रिकामेच होते. हातात आली ती ऑग्यूस्त ल ब्रेतोंची एक कादंबरी, तुटपुंजं बजेट आणि मोठा नट घेण्याची ऐपत नाही. त्यानं पॅरिसचे रस्ते ढगाळ दिवशी चित्रित केले, ऊन पडलं की शूटिंग थांबवायचं. त्यामुळे सिनेमाभर शहर ओलसर आणि थकलेलं दिसतं. १९५५मध्ये कान चित्रपट महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक विभागून मिळालं.

इथे हॉलिवूडचा कोड नव्हता. त्यामुळे अमेरिकेत जे तपशिलात दाखवायची बंदी, ते दासँनं सुमारे अर्धा तास दाखवलं, एकही संवाद नाही, संगीत नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिकनं या प्रसंगासाठी संगीत लिहिलंही होतं. दासँनं त्याला प्रसंग दोन्ही प्रकारे दाखवला, आणि संगीत नकोच, हे ऑरिकनंच मान्य केलं.

हा अर्धा तास जरा जवळून पाहू. तयारी आधीच झालेली आहे. दुकानात बसवलेल्या घंटेसारखीच हुबेहूब घंटा टोळीनं मिळवली, घरात ठेवली आणि दिवसचे दिवस तिच्याशी झुंजत बसले. जराशा थरथरीनंही ती वाजते. शेवटी उपाय सापडतो: आग विझवायच्या नळकांड्यातला फेस तिच्या फटीतून आत भरायचा, म्हणजे आवाज आतल्या आत गुदमरतो. रात्री ते दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या घरात शिरतात. सीझर हा इटलीहून आणलेला तिजोरीतज्ज्ञ, त्यानं पायांत बॅले नर्तकांचे मऊ जोडे घातलेत. सतरंजी गुंडाळली जाते, जमिनीला छिद्र पाडायचं काम सुरू होतं, छिन्नीवर चिंधी बांधून. एकाचा धक्का पियानोला लागतो आणि एक सूर वाजतो. सगळे थिजतात, आपणही.

मग छत्री. छिद्र पुरेसं झालं की मिटलेली छत्री त्यातून खाली सोडतात आणि खालच्या बाजूला उघडतात. आता उलट्या छत्रीत चुन्याचे आणि विटांचे तुकडे पडत राहतात, खाली दुकानाच्या जमिनीवर एक खडा पडत नाही. दोरावरून खाली उतरणं, घंटेत फेस सोडणं, तिजोरी हलक्या हातानं आडवी करणं, मागच्या बाजूनं पोलाद कापणं. घड्याळाचा काटा सरकत असतो. कुणीही कुणाला हुकूम देत नाही, नुसता हात पुढे होतो आणि त्यात हवं ते अवजार पडतं. म्होरक्या टोनी, आजारी, नुकताच पाच वर्षं तुरुंगात काढून आलेला, खोकल्याची उबळ दाबतो. त्या दाबलेल्या खोकल्यानं मला जितकं ताणलं, तितकं कुठल्याही पाठलागानं नाही. हा प्रसंग पुन्हा एकदा, फक्त हातांकडे पाहत बघा.

सीझरची भूमिका दासँनं स्वतः केली आहे, पेर्लो व्हिता या टोपणनावानं. सिनेमाच्या उत्तरार्धात सीझरवर एक वेळ येते. ती पाहताना वर सांगितलेली १९५१ची हकीकत आठवा, म्हणजे त्या दृश्यात दासँ काय बोलतो आहे ते कळेल.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. सुरुवातीलाच टोनी आपल्या पूर्वीच्या प्रेयसीला पट्ट्यानं मारतो. मार पडद्याआड आहे, पण प्रसंग क्रूर आहे आणि सिनेमा टोनीला त्याबद्दल पुरेसा जाब विचारत नाही. घरच्यांबरोबर बसून पाहणार असाल तर हे माहीत असू द्या.

तिसरा: ‘द किलिंग’ (१९५६)

दीड तासाच्या आत संपणारा, आणि नवख्याला सर्वांत जास्त चकवणारा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानातली दिवसभराची वीस लाख डॉलरची रक्कम उचलायची आहे. लायनेल व्हाइटच्या कादंबरीवरून कुब्रिकनं पटकथा केली आणि संवाद लिहिले जिम थॉम्पसननं. कुब्रिक तेव्हा तिशीच्याही आत होता.

याची गोष्ट सरळ जात नाही. निवेदक वार आणि वेळ सांगतो, आपण एका माणसाबरोबर सातव्या शर्यतीपर्यंत जातो, आणि मग सिनेमा काही तास मागे उडी मारून दुसऱ्याला धरतो. गोंधळलात तर थांबवू नका. निवेदकानं सांगितलेली वेळ तेवढी लक्षात ठेवा, आणि लाउडस्पीकरवरची शर्यतीची घोषणा. तीच घोषणा, मैदानावरची तीच दृश्यं पुन्हा पुन्हा येतात. ती आली की समजायचं, आपण परत त्याच क्षणी आलो आहोत, फक्त उभे दुसरीकडे आहोत. बारमध्ये मारामारी उकरून काढणारा पहिलवान मॉरिस, घोड्यावर नेम धरणारा निशाणेबाज, फुलांच्या खोक्यातून आत पोचलेली बंदूक, हे तुकडे तिसऱ्यांदा पाहताना एकमेकांत बसतात आणि तेव्हा जो आनंद होतो तो निव्वळ रचनेचा आहे. मॉरिस झालेला कोला क्वारियानी खरोखरच पहिलवान होता. कुब्रिकची आणि त्याची ओळख न्यूयॉर्कमधल्या बुद्धिबळाच्या अड्ड्यावरची.

मात्र रचनेच्या नादात जॉर्ज आणि शेरी या नवरा-बायकोला हुकू देऊ नका. जॉर्ज शर्यतीच्या खिडकीवरचा कारकून. मोठं घबाड आणून देईन असं सांगत त्यानं लग्न केलंय, आणि शेरी रोज संध्याकाळी त्याला त्याची आठवण करून देते. एलिशा कुक ज्युनियर आणि मरी विंडसर यांच्यातले संवाद चाबकासारखे आहेत. योजना फुटते ती त्यांच्या दिवाणखान्यात, बायकोनं आपल्याकडे एकदा तरी कौतुकानं बघावं या जॉर्जच्या धडपडीतून. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक मांडणाऱ्या योजनेत या धडपडीला रकाना नसतो.

म्होरक्या जॉनी पुन्हा स्टर्लिंग हेडन. ‘ॲस्फाल्ट जंगल’मधला हेडन आणि हा हेडन यांच्यात सहा वर्षांचं अंतर आहे, आणि त्या सहा वर्षांत १९५१ येऊन गेलेलं आहे. त्यानं त्याच समितीपुढे जाऊन सहकाऱ्यांची नावं सांगितली, आणि पुढे १९६३मध्ये आत्मचरित्रात त्याबद्दलची स्वतःची घृणा लिहून ठेवली. एकाच वर्षात दासँचं नाव घेतलं गेलं आणि हेडननं नावं घेतली. टोळीत कोण फुटणार, हा प्रश्न त्या वर्षांत सिनेमाच्या लोकांना पडद्यावरचा वाटत नव्हता. हे तीन सिनेमे ओळीनं पाहिले की ते जाणवतं.

थोडं मागे, थोडं आडवाटेला

इथवर आवडलं असेल तर रॉबर्ट सिऑडमाकचे दोन सिनेमे घ्या. नाझींमुळे जर्मनी सोडून आलेल्या या दिग्दर्शकानं ‘द किलर्स’मध्ये (१९४६) एका टोपी कंपनीच्या पगाराची लूट कॅमेरा क्रेनवर ठेवून एकाच सलग शॉटमध्ये घेतली आहे: फाटकातून आत, जिन्यावरून वर, खिडकीतून डोकावून, परत खाली, गाड्या पसार. ‘क्रिस क्रॉस’मध्ये (१९४९) लॉस एंजेलिसचा बंकर हिल भाग दिसतो, पुढे तो सगळा पाडला गेला. बर्ट लँकेस्टर दोन्हींत आहे आणि दोन्हींत प्रेमापायी दरोड्यात ओढला जातो.

वेळ कमी असेल त्या दिवशी रिचर्ड फ्लायशरचा ‘आर्मर्ड कार रॉबरी’ (१९५०). फक्त ६७ मिनिटांचा. सुरुवातीलाच म्होरक्या खोटी खबर देऊन पोलिसांना पोचायला किती वेळ लागतो ते मोजतो, यावरून सिनेमाची शिस्त ओळखा. फिल कार्लसनच्या ‘कॅन्सस सिटी कॉन्फिडेन्शियल’मध्ये (१९५२) टोळीतली माणसं एकमेकांसमोरही मुखवटे घालून असतात, म्हणजे कुणी पकडला गेला तरी दुसऱ्याला ओळखू शकणार नाही. ओळखीची खूण म्हणून पत्त्याचं फाडलेलं अर्धं पान. ‘मनी हाइस्ट’ पाहिलेल्यांना इथे ओळखीचं बरंच सापडेल.

‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’ (१९५९): हा घाईत पाहू नका

मला यादीतल्या सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारा सिनेमा हा. गायक-अभिनेता हॅरी बेलाफॉन्टेनं आपल्याच निर्मितीसंस्थेतून काढलेला, रॉबर्ट वाइझनं दिग्दर्शित केलेला. पटकथाकार अब्राहम पोलोन्स्की हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून काम नाकारलेल्यांत असल्यामुळे श्रेयनामावलीत दुसऱ्याच लेखकाचं नाव गेलं. पोलोन्स्कीला त्याचं श्रेय अधिकृतपणे परत मिळालं ते १९९६मध्ये.

छोट्या गावातली बँक. संध्याकाळी दार बंद झाल्यावर आत काम करणाऱ्यांसाठी शेजारच्या हॉटेलातून एक कृष्णवर्णीय पोऱ्या कॉफी आणि सँडविच घेऊन येतो, तेव्हा बाजूचं दार साखळी लावून किलकिलं होतं. त्याच्या जागी आपला माणूस गेला की झालं. म्हणजे योजनाच अशी की कृष्णवर्णीय माणसाशिवाय ती होऊच शकत नाही: गोरे लोक पोऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत, हाच तिचा पाया. आणि टोळीतला दुसरा माणूस, रॉबर्ट रायननं केलेला, कडवा वर्णद्वेष्टा. तिघांचं काम, त्यातल्या दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही. इतर सिनेमांत कसब माणसांना जोडतं, इथे ते जोडणंच घडत नाही. जॉन लुइसचं जॅझ संगीत आणि हडसन गावातली हिवाळी, ओकीबोकी नदीकाठची दृश्यं डोक्यातून लवकर जात नाहीत.

फ्रेंच वाट: मेलव्हिल

ज्याँ-पिएर मेलव्हिलनं ‘बॉब ल फ्लांबर’ची (१९५६) कल्पना दरोड्याच्या गंभीर सिनेमाची केली होती. ‘ॲस्फाल्ट जंगल’ पाहिल्यावर त्यानं विचार बदलला, आता यात नवं काही करता येणार नाही म्हणून सिनेमाला हलक्याफुलक्या स्वभावचित्राकडे वळवलं. बॉब हा पॅरिसच्या माँमार्त्रमधला पिकल्या केसांचा जुगारी, पोलीस इन्स्पेक्टरचाही स्नेही. दोव्हिलचा कॅसिनो लुटायचा ठरतो आणि तालमीसाठी मोकळ्या मैदानात गवतावर कॅसिनोचा नकाशा आखला जातो. सूट-बूट घातलेली माणसं त्या पांढऱ्या रेघांमधून चालतात, ते दृश्य मनापासून सुंदर आहे. पुढे बॉबच्या स्वभावानं त्याला काय करायला लावलं, ते तुम्हीच पाहा.

त्याचाच ‘ल सेर्कल रूज’ (१९७०) रंगीत आहे आणि अभिजात न्वारचा काळ संपल्यावरचा, पण ‘रिफिफी’ आवडला असेल तर चुकवू नका. यातही सुमारे पंचवीस मिनिटांचा निःशब्द दरोडा आहे. सिनेमाच्या सुरुवातीला बुद्धाच्या नावानं एक वचन झळकतं, नियतीनं बांधलेली माणसं लाल वर्तुळात भेटणारच, अशा अर्थाचं. ते कुठल्याही त्रिपिटकात शोधत बसू नका, मेलव्हिलनंच ते रचलेलं आहे.

पाहताना काय टिपायचं

वही घेऊन बसायची गरज नाही. पण तीन-चार प्रश्न मनात ठेवले तर हे सिनेमे दुप्पट देतात. योजना कुणाची आणि पैसा कुणाचा? हे दोन बहुधा वेगवेगळे असतात आणि पैसेवाला नेहमी जास्त खोटा असतो. ज्याला ‘बिनडोक’ म्हणून नेमलंय तो पुढे कसा वागतो? ‘ॲस्फाल्ट जंगल’मध्ये वकील दगा देतो आणि दांडगा डिक्स शब्द पाळतो. घरात वाट पाहणाऱ्या बायका काय बोलतात? या सिनेमांनी स्त्रियांना फार थोडी जागा दिली, एक तर नादी लावणारी नाही तर रडणारी, ही या प्रकारातली खरी उणीव आहे. तरीही जीन हेगननं केलेली डॉल पाहा. डिक्सवर जीव टाकणारी, पापण्यांचा रंग गालावर ओघळलेली ही मुलगी, काही मिनिटांत सिनेमा आपल्याकडे ओढून घेते. आणि शेवटचा प्रश्न, माल हातात आल्यावर कोण काय करतो? ज्याची जी इच्छा असते ती तिथे उघडी पडते.

शक्य असेल तर एकट्यानं पाहण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून पाहा. ओटीटीवर हे सिनेमे येत-जात राहतात, त्यामुळे दिसला की त्या आठवड्यातच पाहून घ्या. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या आहेत, पुण्यातही फिल्म क्लब आहेत. तिथे सभासद असाल तर ‘रिफिफी’ची मागणी करा. भरलेल्या सभागृहात तो अर्धा तास एकत्र गप्प बसून पाहण्यासारखा आहे.

सगळ्यात शेवटी, आधी अजिबात नाही, मारिओ मोनिचेल्लीचा इटालियन ‘बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट’ (१९५८) घ्या. रोममधली कडकी असलेली काही माणसं ‘रिफिफी’सारखं शास्त्रशुद्ध काम करायला निघतात. वाळत घातलेल्या कपड्यांच्या गच्चीवर तोतो हा थोर विनोदी नट त्यांना तिजोरी फोडण्याचा वर्ग घेतो, पूर्ण गांभीर्यानं. यातली प्रत्येक फजिती मूळ सिनेमातल्या एखाद्या चोख कृतीवर बेतलेली आहे, म्हणून आधीचे तीन तरी पाहून झाल्याशिवाय याला हात लावू नका.